वादळ दारव्ह्याला येणार नव्हतं

समुद्रापासून शेकडो मैल आत, विदर्भातल्या दारव्ह्यात समुद्री वादळाची तयारी करणारं आमचं घर पहिलं, आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून तरी शेवटचं.

त्या वर्षी आमच्या पुढच्या खोलीत कापूस राहत होता. कापसाच्या भावाने सगळ्यांना दमवलेले ते दिवस. आज भाव चढेल, उद्या खरेदी सुरू होईल, या आशेवर जो तो वेचलेला कापूस घरात रचून ठेवायचा. आमचा ढीग खिडकीच्या वर गेला होता. पुढचं दार त्याने आतून असं दाबून धरलं होतं की तीन आठवडे आम्ही मागच्या दाराने, न्हाणीच्या बाजूने ये-जा करत होतो. (पोस्टमननेही तो रस्ता शिकून घेतला होता.) घरभर तंतू उडायचे, अंगाला खाज सुटायची. मी शाळेत भूगोल शिकवता शिकवता मधेच थांबून फळ्याच्या कडेला पाठ घासायचो. मुलांना वाटायचं, गुरुजी विचारात पडले.

अशात पुण्याहून आमच्या मुलाचं, प्रशांतचं पत्र आलं, की त्याचे सासू-सासरे आमच्याकडे येताहेत. प्रशांत पुण्यात नोकरीला. त्याने स्वतःच जमवून कोकणातली मुलगी केली, मानसी. लग्नही पुण्यातच झालं, त्यामुळे तिच्या आईवडिलांनी आमचं घर पाहिलेलं नव्हतं.

"इवाई पह्यल्यांदा घरी येऊन राह्यले," माझी बायको शोभा म्हणाली. (आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात.) "त्यायले बसवाव कुठं? कापसावर?"

"सयपाकघरात बसवू."

"इवायाले सयपाकघरात?"

"मंग कापूस कुठं नेऊ? मी पांघरून घेऊ का?"

शोभाने पाठ दाराच्या चौकटीला घासली. ती माझ्याइतकीच थकली होती.

मानसीचे वडील मयेकर बायकोसह आले. उंच, काटक, उन्हाने रापलेले. हात असे की हात मिळवला तेव्हा मला वाटलं, लाकडी फळीच धरली. त्यांचा जन्म मासेमारीच्या होडीवर गेला. आता होडी धाकटा भाऊ सुधाकर चालवायचा आणि हे घरी बसून त्याला सल्ले द्यायचे. पुढच्या खोलीतला ढीग पाहून ते लहान मुलासारखे हरखले, चप्पल काढून वर चढले आणि चक्क आडवे झाले.

"मास्तर, तुमच्याकडे समुद्र नाही म्हणतात. मग हा काय आहे?"

"अहो, उतरा," सुमनताई, म्हणजे आमच्या विहीणबाई, खालून म्हणाल्या. "लोकांचं घर आहे."

संध्याकाळपर्यंत दोघंही आमच्यासारखेच खाजवू लागले. चार माणसं स्वयंपाकघरात बसून न बोलता खाजवताहेत, यातून जी जवळीक होते ती लग्नाच्या पंगतीत होत नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. अरबी समुद्रात वादळ उठलंय, ते कोकणाकडे वळलंय, मच्छीमारांनी ताबडतोब परत यावं. सुमनताईंचा हात तोंडावर गेला. हे दोघं गाडीत बसायच्या आदल्या दिवशी सुधाकर होडी घेऊन निघाला होता. चार-पाच दिवसांनी येतो म्हणाला होता.

मयेकर उभे राहिले. "फोन कुठे आहे?"

फोन पुढच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर होता. म्हणजे कापसाच्या पलीकडे. मी पोटावर सरकत ढीग ओलांडला आणि त्यांच्या घराजवळच्या दुकानाचा नंबर सात-आठ वेळा फिरवला. लाइन लागेना. तोवर नाकात तंतू जाऊन मला शिंकांचा असा झटका आला की अर्धा ढीग माझ्या अंगावर सरकला. मी तसाच उलटा सरकत बाहेर आलो.

"तिकडच्या लाइनी गेल्या असतील. त्यांचाच फोन येईल," मी सांगितलं.

"मी निघतो," मयेकर म्हणाले. मग बस, रेल्वे आणि पुन्हा बस असा हिशेब मांडल्यावर दिसलं, की ते पोचेपर्यंत वादळ येऊन गेलेलं असणार.

"आणि पोचून काय करणार? समुद्र धरून ठेवणार?" सुमनताईंनी विचारलं. आवाज रागाचा होता, पण डोळे भरले होते. मयेकर खाली बसले. त्या रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी पाहतो तर ते अंगणात उभे राहून आभाळ बघताहेत. आभाळ थोडं मळकट होतं, एवढंच.

"मास्तर, वारा पडलाय. लक्षण बरं नाही."

आता हा माझा विषय. मी कोळशाने विहिरीजवळच्या भिंतीवर नकाशा काढला. हा समुद्र, हा सह्याद्री, हे मधलं सगळं, आणि हे इकडे टोकाला आपण. वादळ जमिनीवर आलं की त्याची ताकद संपते. दारव्ह्याला थेंबही पडणार नाही. मयेकरांनी चांगल्या विद्यार्थ्यासारखं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या गोठ्याचे पत्रे कशाने बसवलेत?"

"खिळ्यांनी."

"खिळे काय पुरताहेत," असं म्हणून ते दोर शोधायला गेले.

मी स्वयंपाकघरात जाऊन शोभाकडे तक्रार केली. "हा मानूस आपलं घर बांधून राह्यला. सांग त्यायले, इथं काही येत नाई."

"तुमाले मालूम हाय, त्यायले बी मालूम हाय," ती भाकरी थापत म्हणाली. "भाऊ समुद्रात हाय त्यायचा. हाताले काहीतरी काम पाह्यजे. करू द्या."

हे मला भूगोलाच्या तासाला कुणी शिकवलं नव्हतं. मी बाहेर आलो.

दुपारपर्यंत मयेकरांनी आमच्या दोन बाजांच्या दोऱ्या उसवून गोठ्याचे पत्रे तीन बाजूंनी बांधले. (आता झोपायला फक्त कापूस उरला होता.) मग पुढच्या खोलीची खिडकी पाहून म्हणाले, "मास्तर, ही पश्चिमेला आहे. कापूस खिडकीपासून हलवा, भिजेल."

बायकोने समजावलं होतं, तरी माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हणालो, "हलवतोच." आणि दाराकडचा अर्धा कापूस उचलून थेट अंगणात चादरींवर पसरला. म्हटलं, जरा हवा लागेल, खाज कमी होईल, विहीणबाईंना बसायला खोली होईल. खरं कारण वेगळं होतं. पाऊस येणार नाही हे मला मयेकरांना नुसतं सांगायचं नव्हतं, दाखवायचं होतं. मयेकरांनी कापसाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, आणि मी मुलाकडचा म्हणून काही बोलले नाहीत.

"चौथ्या बाजूला दोर कमी पडतोय," ते म्हणाले. "आणि पाणी भरून ठेवा. जेवढी भांडी असतील तेवढी."

"लाइन नाई," शोभा म्हणाली. तेव्हा रोज आठ-आठ तास वीज जायची. "लाइन आली का मोटर लावतो अन् भरतो."

तोवर दोराचा प्रश्न मी सोडवायचा ठरवला. विहिरीवरच्या कडुलिंबाला नायलॉनच्या दोराचं वेटोळं टांगलेलं होतं. चांगला जाड दोर. मी म्हणालो, "हा मोकळाच पडलाय," आणि गाठ सोडली.

तो मोकळा नव्हता. त्याच्या दुसऱ्या टोकाला विहिरीत आमची पाण्याची मोटर लटकत होती.

दोर माझ्या हातातून सुर्रकन गेला. विहिरीतून आधी काहीतरी घसरल्याचा आवाज आला, मग पाइप तुटल्याचा, आणि शेवटी एक खोल, समाधानी आवाज. म्हैस डबक्यात बसते तसा. पाठोपाठ वायरही भिंतीवरच्या डब्यातून उपटून, शेपटीसारखी वळवळत आत गेली.

आणि लाइन आली. स्वयंपाकघरात टीव्ही आपोआप सुरू झाला आणि त्यातली बाई म्हणाली, "नागरिकांनी पिण्याच्या पाण्याचा पुरेसा साठा करून ठेवावा."

शोभा पिठाच्या हातांनी दारात आली. तिने विहिरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "इवाई तं घर बांधून राह्यले," ती म्हणाली, "अन् तुमी सोडून राह्यले."

मोटर दुरुस्त करणारे रशीदभाई गल्लीच्या तोंडाशीच राहायचे. ते आले, सोबत पाच-सहा शेजारीही आले.

"गुरुजी, लोक म्हनून राह्यले का समंदर दारव्ह्याले येऊन राह्यला," रशीदभाई म्हणाले. "म्हनून तुमी मोटर आधीच बुडवून ठेवली का?"

मयेकर विहिरीत वाकून पाहत होते. त्यांनी मान वर केली. "मास्तर, नांगर आहे का घरात? लहानसा?"

"नांगर वावरात हाय," शोभा म्हणाली. "पन विहिरीत कसा मावन तो?"

मग सुमनताईंनी उलगडा केला, की होडीचा नांगर, चार आकड्यांचा. तसा आकडा, बुडालेल्या बादल्या काढायचा, रशीदभाईंकडे निघाला. त्यांनी तो पाण्यात सोडला आणि इकडेतिकडे ढवळायला सुरुवात केली. थोडा वेळ मयेकरांनी ते सहन केलं.

"असं नाही हो. द्या इकडे." त्यांनी दोर घेतला, दोन बोटांवर तोलला, डोळे मिटले. "गाळात आहे. उजवीकडे कललीय."

"तुमाले कसं दिसलं?" रशीदभाईंनी विचारलं.

"दिसत नाही. लागतं."

तासभर ते विहिरीच्या काठावर बसून होते. आम्ही सगळे भोवती उभे, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. कालपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला. सुमनताई माझ्या बायकोच्या कानात म्हणाल्या, "आता जेवतील बहुतेक." आणि मयेकर एकदम म्हणाले, "लागली."

त्याच वेळी माझ्या टकलावर पहिला थेंब पडला.

मी तो नाकारला. पानावरून ओघळला असेल, म्हटलं. दुसरा पडला तेव्हा मी वर पाहिलं, आणि तिसऱ्यापासून मोजता येणं बंद झालं. वादळ आलं नव्हतं, पण त्याच्या शेपटीचं पाणी माझ्या नकाशातला सह्याद्री ओलांडून आलं होतं.

"कापूस!" शोभा ओरडली.

मयेकरांनी मोटर अर्ध्यात लटकती ठेवून दोर लिंबाला बांधला आणि सगळ्यांच्या आधी चादरीला हात घातला. शेजारी धावले, रशीदभाई धावले, विहीणबाई पदर खोचून धावल्या. जागा मिळेल तिथे कापूस कोंबला. स्वयंपाकघरात, माळ्यावर, देवघरात, टीव्हीवर, रिकाम्या पिंपांत. (पाणी भरायला ठेवलेली पिंपं अशी सार्थकी लागली.) निम्मा तरी भिजलाच. वाऱ्याने पुढच्या खोलीची खिडकी आपटू लागली, म्हणून शोभा ती लावायला उरलेल्या ढिगात घुसली. आतून तिचा आवाज आला.

"अवो, हा फोन कोनं असा ठेवला?"

रिसिव्हर कट्ट्यावरून खाली, कापसात गाडला गेला होता. काल संध्याकाळपासून. शेवटचा नंबर मी फिरवला होता. शिंका मलाच आल्या होत्या.

तिने तो जागेवर ठेवला. दोन मिनिटांत घंटा वाजली. मी सरकत जाऊन उचलला. मानसी होती.

"बाबा, कालपासून तुमचा फोन एंगेज! एवढं कुणाशी बोलत होता?"

मी रिसिव्हरमध्ये अडकलेला कापूस काढला.

"माझ्या बाबांना सांगा, काका सुखरूप आहे. त्याला आभाळ बरं दिसलं नाही, परवाच त्याने होडी खाडीत आत घातली. कौलं उडालीत, बाकी काही नाही. तोही पलीकडच्या गावातून तुमच्याकडे सारखा फोन लावतोय."

मयेकर ढिगावरून सरकत आले आणि त्यांनी रिसिव्हर कानाला लावला. ते ऐकत राहिले. बोलले फक्त एवढंच, "मी सांगितलंच होतं त्याला, आभाळ वाचत जा म्हणून." मग फोन ठेवून ओल्या कापसातच बसले. एका भल्या माणसाला मी एक रात्र आणि एक दिवस उपाशी ठेवलं होतं, हे माझ्या डोक्यात हळूहळू शिरत होतं.

"मास्तर," शेवटी ते म्हणाले, "भाकरी आहे का? कालची चालेल."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात हलवला. "राहू द्या. तुमच्या मोटरमुळे माझी दुपार निघाली."

त्या संध्याकाळी वारा चांगलाच सुटला. शेजारच्यांचे दोन पत्रे आमच्या अंगणात आले. आमचा गोठा हलला नाही, चौथी बाजू मोकळी असूनही. मोटर दुसऱ्या दिवशी वर आली, रशीदभाईंनी तिला आठवडाभर दुकानात ठेवून जिवंत केलं. कापूस वाळवायला अख्ख्या गल्लीच्या गच्च्या लागल्या. पिवळा पडलेला तो कापूस शेवटी कुणी घेतला नाही. त्याच्या आम्ही गाद्या केल्या, आणि एक मयेकरांना पाठवली.

गल्लीत मात्र माझी पत वाढली. अजूनही वेचणीच्या दिवसांत आभाळ भरून आलं की लोक मुद्दाम मला विचारायला येतात. "गुरुजी, पानी येईन का?" मी बाहेर येतो, ढग बघतो, वाऱ्याची दिशा बघतो आणि शास्त्राला धरून नीट सांगतो, की नाही, आज येत नाही. ते मनापासून आभार मानतात, आणि पळत जाऊन कापूस आत घेतात.