चावीची खांदशेकणी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आभाळ गच्च भरलं होतं, पण वाऱ्याचा पत्ता नव्हता. पाऊस पडत नव्हता आणि अंगाचा घाम थांबत नव्हता. वरूडकडच्या आपल्या गावात खुशालराव आणि मैनाबाई उजाडायच्या आधीपासून रोपवाटिकेत वाकले होते. संत्र्याची कलमं उपटायची, मुळ्या चिखलाच्या काल्यात बुडवायच्या, जुड्या बांधून ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या आणि पिकअपमध्ये उभ्या रचायच्या. आजवर मैनाबाईनं दुसऱ्यांच्या रोपवाटिकांत खुंटांवर संत्र्याचे डोळे बांधून कलमं केली होती. ही कलमं मात्र घरची, पहिलीच. हिवरखेडच्या नत्थुजीनं सगळीच्या सगळी सांगून ठेवली होती.

उपटलेल्या कलमात दम नसतो. आजच्या आज मातीत गेलं तर झाड, नाहीतर काडी.

खुशालरावाचं आयुष्य बैलांमागं गेलं. त्याच्या हातात बैल हाकायची टोकदार तुतारी असायची, पण ती बैलाच्या अंगाला लागलेली कोणी पाहिली नव्हती. शेवटची जोडी त्यानं म्हातारपणीही विकली नाही, दोघंही त्याच्याच गोठ्यात मेले. मग पिकअप आली, जुनीच, एका चावीसकट. उतारवयात तो गाडी शिकला. अजूनही चढ लागला की पुढं वाकायचा आणि "चाल बापा, चाल" म्हणत गाडीला हात फिरवायचा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला, जिथं जू बसतं तिथं, तूप-हळद चोळतात, पळसाच्या पानानं शेकतात. बैल नसताना खुशालरावाला ते सुनं सुनं वाटलं. वाटीत तूप कोमट करून तो पिकअपसमोर जाऊन उभा राहिला. चाकांना लावलं, स्टिअरिंगला लावलं. आणि मग त्याला वाटलं, गाडीचा खरा जोर चावीत. त्यानं चावी तुपात चांगली घोळली, पानानं शेकली आणि गाडीला आवतन दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मैनाबाई दारातून हसली होती. "अवो, तिच्यापुढं वैरणही टाका थोडी."

आज सकाळी चावीवरची बटणं चालेनात. चावी घालून दार उघडलं, गाडी सुरू झाली, म्हणून दोघं निघाले. नत्थुजीला मुळ्यांचं औषध हवं होतं, त्यापायी अमरावतीची वाट वाकडी केली. राजापेठेत औषध घेऊन परत येताना खुशालरावाला काय सुचलं कोण जाणे. कडेला उभं राहून त्यानं मैनाबाईच्या डोळे बांधायच्या चाकूनं चावीचं प्लास्टिक उचकटलं. आत तूप थिजलेलं. दुपट्ट्याच्या टोकानं त्यानं ते निगुतीनं पुसून काढलं, चावी पुन्हा दाबून बसवली आणि गाडीला लावली.

इंजिन नुसतं घुरघुरलं. पेटेना. काट्यांच्या पाटीवर चावीचं लाल चित्र लुकलुकत राहिलं.

त्यानं पुन्हा फिरवली. पुन्हा. मागं दुचाक्यांचे भोंगे. एक शिकवणीची पोरगी स्कुटीवरून ओरडली, "काकाजी, गाडी हटवा ना जी!"

"हटवतो ना माय," खुशालराव म्हणाला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला.

रस्त्यापलीकडं चाव्यांचं दुकान होतं. नितेश नावाचा दाढीवाला माणूस मशीन घेऊन आला. त्यानं गाडीला वायर जोडली, पडद्यावर पाहिलं, चावी उघडली आणि बोट तुपानं माखलं तसा थबकला.

"काकाजी, हे काय होय?"

"तूप."

"तूप? चावीले?"

"खांदशेकणी केली," मैनाबाई म्हणाली. "पुरणपोळी तेवढी राहिली."

नितेशला हसू आलं, पण खुशालरावाचं तोंड पाहून त्यानं ते गिळलं. "यात एक चिप राह्यते. तांदळाच्या कणीएवढी, काळी. गाडी चावीले नाई, त्या चिपले ओळखते. ते चिपच नाई यात. दुसरी चावी हाय का?"

"गाडीच एका चावीवर आली."

"मंग वांधा हाय. जुनी चिप असती, तर नव्या चावीत ओळख टाकून आत्ता देली असती. आता गाडीचा कॉम्प्युटर काढून नागपूरले पाठवा लागते. तो परवा येईन, तेरवा येईन."

परवा. खुशालरावानं मागं पाहिलं. ढग फाटून ऊन उतरलं होतं, आणि रस्ता वाफ सोडत होता. गोणपाट कोरडं पडत चाललं होतं. कडेच्या जुडीतली पानं माना टाकत होती.

"दुसऱ्या गाडीत भरू," मैनाबाई म्हणाली.

"कोण्या गाडीत? आज पोळ्याची कर हाय, ड्रायव्हर झोपले असतीन." तरी त्यानं दोन-तीन फोन लावले. एकानं उचललाच नाही. एक सासुरवाडीला गेलेला.

तेवढ्यात नत्थुजीचा फोन आला. "खुशालराव, कुठं हा तुमी? खड्डे खोदून ठेवले, बाया काहून बसवून ठेवू? येत नसान तं सांगा, अकोटवाला त्याची कलमं आत्ता आणून देते."

"येऊन राहिलो ना बापा. वाटेतच हावो."

फोन ठेवला आणि तो रस्त्यावर गुडघे टेकून बसला. चाकाखाली, गटाराच्या काठाला, मातीत बोटं फिरवू लागला. पान खाऊन थुंकलेल्या डागांत, बिड्यांच्या थोटकांत. तांदळाच्या कणीएवढी, काळी. खडी काळी, माती काळी, सगळंच काळं. नितेशही वाकला. "अंदर शीटखाली पाहा." शीटखाली पाहिलं. पायदान झाडलं. काही नाही.

"माह्या हातानं मारलं," खुशालराव पुटपुटला. "बैलाले कधी काडी लावली नाई, अन् याह्यले माह्या हातानं मारलं." त्यानं मैनाबाईकडं पाहिलं. "तुयी दोन वर्साची मेहनत, शिवमची माय."

मैनाबाईनं चहावाल्याकडून बादलीभर पाणी मागून आणलं, जुड्यांवर शिंपडलं. उन्हाच्या अंगाला झाकायला काहीतरी हवं होतं. "द्या तो दुपट्टा इकडं."

त्यानं गळ्यातला दुपट्टा काढून दिला. तिनं तो बादलीवर धरला. टोकाला तुपाचा पिवळा गोळा लागलेला. तूप पानांवर जाऊ नये म्हणून आधी ते टोक तिनं चिमटीत धरून निपटलं, आणि गटारात झटकायला हात उचलला. चिमटीत काहीतरी टोचलं.

"अवो."

"काय व्हय?"

"खडा हाय का काय हा?"

नितेश उडीच मारून आला. तिच्या तळहातावर, तुपात लडबडलेली, एक काळी कणी होती.

"हलू नका काकू! हात तसाच ठेवा!"

रस्त्याच्या मधोमध मैनाबाई हात पुढं करून प्रसाद घेतल्यासारखी उभी राहिली. नितेशनं चिमट्यानं चिप उचलली, कसल्याशा पातळ औषधानं पुसली, जुन्या चावीत बसवली. नवी चावी काढली. मशीनवर बोटं चालली. "काकाजी, जुनी फिरवा. आता काढा. नवी लावा. थांबा. थांबा म्हणलं ना!"

लाल चित्र लुकलुकलं. खुशालरावाचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत होता की गाडीला विनवत होता कोण जाणे. चित्र विझलं.

"फिरवा."

इंजिन पेटलं. मागच्या भोंगेवाल्यांतून कोणीतरी शीळ मारली.

"तुपानंच धरून ठेवली पाहा," नितेश म्हणाला. "सुकी असती तं गेली असती गटारात."

"तुपानंच काढली होती बाहेर," मैनाबाई म्हणाली. "त्याचं कवतिक नका सांगू याह्यले, पुढल्या साली डबाभर वततीन."

खुशालरावानं जुनी चावी तिच्याकडं दिली. तिनं ती पदराच्या गाठीत बांधली. त्यानं नत्थुजीला फोन लावला. "बाया घरी धाडू नका बापा, अमरावती सोडून राहिलो."

"अंधार पडेस्तोवर थांबवतो," नत्थुजी गुरकावला. "त्याच्या पुढं नाई."

गाडी चालूच ठेवून खुशालराव मागं गेला. कडेची जुडी गेली होती, पानं हातात चुरली. आतल्या एका कलमाची साल त्यानं नखानं खरवडली. खाली हिरवं होतं, ओलं. दुसऱ्याचीही. तो थोडा वेळ नख तिथंच टेकवून उभा राहिला.

मग त्यानं रिकामी बादली उचलली आणि चहावाल्याच्या नळाखाली लावली.