कडूबाची वीत

आमच्या धावडा गावात कडूबा नावाचा एक गृहस्थ आहे. साठी उलटली तरी हाताला घट्टा न्हाई. त्याचं काम एकच, आभाळाकडं बघायचं. सूर्याभोवती गोल खळं पडलं की हा हात लांब करतो, अंगठ्यानं सूर्य झाकतो, करंगळी खळ्याला टेकवतो अन् निकाल देतो. खळं लहान तर पाऊस लांब, मोठं तर पाऊस दारात. लोक ऐकतात. चांगले मोबाईलवाले लोक.

औंदा दसऱ्याआधी असंच खळं पडलं. माझी सून नंदाबाई, तिचं सोयाबीन कापून वावरात पडलेलं. सुडी रचून झाकावं की वाळू द्यावं, तिला कळेना. वर्षाचं पीक ते. कापणीनं बाई मोडून गेल्ती. तिनं बांधावरल्या कडूबाला विचारलं. त्यानं आधी तिचं तोंड बघितलं, मंग आभाळ.

"वहिनी, खळं बारकं हाय. आठ दिवस बिलकुल पाऊस न्हाई. बसा निवांत."

माझी नात आकांक्षा बारावीला, सायन्सला. ती हसली. "आजी, खळं लहान-मोठं होतच न्हाई. लई उंचावरच्या पातळ ढगात बर्फाचे बारीक कण असतात. ऊन त्यातून वाकून येतं, अन् जास्त करून एवढंच वाकतं. म्हणून गोल दरवेळी तेवढाच."

मी कडूबासारखाच हात आभाळाकडं पसरला. बराबर एक वीत भरली.

"कडूबा, मघाशी पावसाची वाट बघणाऱ्या शेजारच्या साहेबरावाला तू खळं मोठं सांगितलंस. तेच ना हे?"

"तवा मोठंच होतं, काकू."

"अन् तासाभरात उपासानं वाळलं का?"

तो चिडला. "मंग पाऊस येतो का न्हाई, सांगू दे तुमच्या पोरीला!"

"ते नुसत्या खळ्यावरून पक्कं सांगता येत न्हाई, काका," आकांक्षा म्हणाली.

कडूबाला आयुष्यात एकदा तरी असं म्हणता आलं असतं, तर मी त्याला चहा पाजला असता.

"कळत न्हाई तर झाकावं," मी म्हणाले. दिवस मावळेपर्यंत आम्ही तिघींनी सुडी रचली, वर ताडपत्री ओढली.

तिसऱ्या दिवशी सकाळीच पाऊस कोसळला. कडूबाचं ऐकून बसले, त्यांच्या शेंगांना कोंब फुटले. आमचं सोयाबीन आतून कोरडं ठाक. उघाड पडल्यावर कडूबा आला अन् ताडपत्रीवर थाप मारून म्हणाला, "बघा वहिनी, मी आभाळावर ध्यान ठेवलं म्हणून वाचलं!"

"व्हय भाऊ," नंदाबाई म्हणाली, "वर पाणी साचलंय. धरा ती बाजू, ओतून टाकू."

त्याला तेव्हाच घरचं काम आठवलं.