देवाला पचणारा शेंदूर

पौडच्या दवाखान्यातल्या तारा नर्सबाई दुखणं विचारण्याआधी हात पाहत. "हात दाखवा. तोंड खोटं बोलतंय, हात न्हाई," असं म्हणत. लोक चेष्टेने त्यांना ज्योतिषीणबाई म्हणायचे.

माझे वडील आमच्या माले गावच्या मारुतीचे गुरव. दर शनिवारी ते तळहातावर तेलात शेंदूर मळून मूर्तीला लावत आणि त्याच हाताने पहिला प्रसाद खात. सेवेचा हात प्रसादाआधी धुवायचा नाही, ही आमच्या घरची रीत. मी मॅट्रिकला होते तेव्हा त्यांच्या पोटात कळा येऊ लागल्या. इतका शांत माणूस, पण जेवणाची ताटं भिरकावू लागला. पुढे आरतीची कडवीही आठवेनात. देव कोपला, आता दुसरा गुरव नेमा, असं गावात उघड बोललं जाऊ लागलं. भाऊबंद त्यांना भगताकडे नेणार होते. मी हट्टाने पौडला नेलं.

बाईंनी हात पाहिले. नखांत शेंदूर, उजवं मनगट लुळं. मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. कडेला निळसर रेघ होती. मग मी कळांचं, ताटांचं आणि न धुतल्या हाताने खायच्या प्रसादाचं सगळं सांगितलं.

"गुरवमामा, शेंदरात शिसं असतंय. ते पोटात जातंय आन् डोक्यात चढतंय."

"देवाचा शेंदूर इख कसं असंल, बाई? माझ्या बापापासनं हीच रीत हाय."

"मग वडीलबी म्हातारपणी ताटं फेकायचं का?"

वडिलांनी नखांतल्या शेंदराकडे पाहिलं. आजोबा खरंच फेकत असत.

"देव दगडाचा हाय, त्याला पचतंय. तुमी माणूस हाय. काडीनं कालवा, फडक्यानं लावा, आन् हात धुवूनच खावा."

पुण्याच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, तरी वडील ऐकेनात. तेव्हा पुढच्या शनिवारी बाई साबणाची वडी घेऊन थेट देवळात आल्या.

"मला परसाद द्या, पण धुतल्या हातानं. न्हाईतर हितंच उपाशी बसती."

"लई हट्टी हाय तुमी, बाई."

"तुमच्या मारुतीपरीस कमीच."

वडील कितीतरी दिवसांनी हसले. साऱ्या गावादेखत त्यांनी हात धुतले.

काही महिन्यांनी, एका शनिवारी त्यांनी न अडखळता सगळी आरती म्हटली. बाई दारात उभ्या होत्या. दुसरा गुरव नेमायचं नाव मग कोणी काढलं नाही. मनगट मात्र शेवटपर्यंत थोडं लुळंच राहिलं.

पुढे शिकताना कळलं, की शिसं शरीरात कॅल्शियमची जागा बळकावतं आणि मेंदूतल्या पेशींचे एकमेकींना जाणारे निरोप बिघडवतं. बाईंनी ते नखांवरून आणि हिरड्यांवरून ओळखलं होतं.

बदली होऊन निघाल्या, त्या दिवशी त्यांनी माझाही हात उलटून पाहिला. लिहून लिहून बोटांना शाई लागली होती. मी ओशाळून हात मागे घेतला.

"ऱ्हाऊ दे," बाई म्हणाल्या. "ह्यो डाग धुवायचा न्हाई."