हेडसेटमधला ‘आवर’

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणाऱ्यांपैकी मी. आमच्या सातपाटीच्या कोळीवाड्यात अशा गोष्टींना तोटा नाही, पण मी आजवर एकीवरही विश्वास ठेवला नाही. तरी हे लिहितोय… कारण झालं ते माझ्याच कानाशी.

मी एका विमानतळावर टग चालवतो. टग म्हणजे विमान ओढणारा बुटका ट्रॅक्टर. ओढताना विमानाच्या दोन्ही पंखांच्या टोकांशी एकेक माणूस चालतो, कारण टगवरून मागचं नीट दिसत नाही. त्या दिवशी डावीकडचा माणूस आला नव्हता. आमचे सुपरवायझर सावे म्हणाले, "एकावर भागव, उशीर होतोय." मी मान हलवली. चूक माझीही — हे आधीच सांगतो.

भर दुपार. विमान दुरुस्तीच्या हँगरकडे निघालेलं. कॉकपिटमध्ये ब्रेकवर इंजिनिअर बालन, त्यांच्याशी माझा हेडसेट जोडलेला. वळणावर कानात स्पष्ट आलं — "आवर."

दुसरा कुणी असता तर त्यानं घाई केली असती. पण आमच्या मासेमारीच्या बोटीवर ‘आवर’ म्हणजे मशीन आवर, थांब. नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला उभे राहून बाबा तसंच सांगतात. मी हळूच ब्रेक दाबला.

उतरून मागे गेलो. डाव्या पंखाचं टोक आणि शेजारी उभ्या विमानाची शेपटी… मध्ये हातभर जागा. ते विमान उभं करायच्या खुणेच्या अलीकडेच थांबवलेलं, शेपटी आमच्या वाटेत. आत साफसफाईच्या बायका काम करत होत्या.

बालनना विचारलं. "मैं तो चुप बैठा था," ते म्हणाले. त्यांना मराठीचा गंधही नाही. मग घरी फोन लावला. बाबा म्हणाले, "मी तं हितंच हाय रे. सकालपासून जालं शिवतो. काय झालं?"

संध्याकाळी अहवाल लिहायला बसलो, तेव्हा सावे म्हणाले, "दिसलं म्हणून थांबलो, असं लिही. आवाज-बिवाज लिहिलंस तर वेडा ठरशील, पास जाईल." विमानतळात शिरायचा पास गेला की नोकरी गेली.

"दिसलं लिहिलं तर सगळे म्हणतील, टगवरून दिसतं. मग डावीकडे माणूस कशाला? नाय लिहिणार, साहेब."

"अरे, आवर म्हणजे तर घाई कर."

"तुमच्याकडे."

खरं तेच लिहिलं. मला घरी बसवलं, कान तपासले, डोकं तपासलं. दोन्ही ठणठणीत निघाले, पास परत मिळाला.

आवाज कुणाचा, कुठून आला… आजही उत्तर नाही. पण तो पुन्हा येईल या भरवशावर मी विमान ओढणार नाही. परवा सावे पुन्हा म्हणाले, "एकावर भागव." मी टगची चावी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

दहा मिनिटांत पंखाशी चालायला दुसरा माणूस आला.