गोळ्या घेतल्या का?

मुलीने अकरावीला मार्कांसाठी फ्रेंच निवडलं. तिच्या पुस्तकात दवाखान्याचा धडा आला तेव्हा मीही हौसेने एक वाक्य केलं, ‘मी गोळी खाते.’ त्यात जेवणाखाण्याचं क्रियापद घातलं, मांजे. ती पोट धरून हसली. ‘मम्मी, गोळी काय भजी आहे का? फ्रेंचमध्ये औषध खात नाहीत, पीतही नाहीत. प्रांद्र. घेतात.’

मला ते फारच पटलं. आमच्या घरी गोळी खायची, पातळ औषध प्यायचं; त्यापेक्षा हे किती सुटसुटीत! आणि नवं काही कळलं की ते दुसऱ्यावर लादल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझे वडील, अण्णा, भोकरला एकटे राहतात. त्यांना नुकतंच बीपी निघालं होतं. लातूरहून मी रोज सकाळी फोन करून ‘गोळी खाल्ली का?’ असं विचारायची. त्या दिवसापासून ‘अण्णा, गोळ्या घेतल्या का?’ असं विचारू लागले.

‘घेतल्या की,’ ते म्हणायचे. मी फोन ठेवून कामाला लागायची.

दीडेक महिन्याने भोकरला गेले. कपाटात टॉवेल शोधताना गोळ्यांची पाकिटं हाती लागली. एकही फोडलेलं नव्हतं. माझा पारा चढला.

‘अण्णा, रोज खोटं बोललात माझ्याशी?’

‘खोटं कशाला बोलू बाई? घेतल्या का म्हणलीस, मेडिकलमधून घेतल्या. खाल्ल्या का म्हणून कुठं इचारलंस?’

‘शब्दात पकडू नका. का नाही खाल्ल्या?’

‘मला काई होईना. आन् एकदा लागली की जल्मभर सुटत न्हाई म्हणतात.’ मग म्हणाले, ‘आधी खाल्ली का म्हणायचीस. तवा लेकीशी खोटं बोलवत नव्हतं, म्हणून पहिलं पाकीट खाऊन संपवलं. मग तुझं इचारणंच बदललं. मला वाटलं, आता नुसतं इचारायचं म्हणून इचारती.’

मला राग आवरेना, पण तो त्यांच्यावर नव्हता. त्या सुटसुटीत शब्दाने त्यांना पळवाट मिळाली होती, आणि मला फोन लवकर ठेवायची सोय. चक्कर येते का, जेवलात का, भाजी काय केली, हे शेवटचं कधी विचारलं होतं ते आठवेना. लाज वाटली.

अण्णांनी पाकीट फोडलं, गोळी जिभेवर ठेवली आणि वर पाणी प्यायले. मग माझ्यासमोर आ केला. जीभ उचलून खालचंही दाखवलं.

‘बघ बाई. खाल्ली.’

आजवर मी त्यांच्याकडे कशाचाच पुरावा मागितला नव्हता. मला बघवलं नाही.