काकांची गोळी आणि काकूंचं पोट

काचवाल्या काकूंच्या नाकावर राग असतो असं गल्लीतले लोक म्हणतात, ते साफ खोटं. नाकावर तेवढी जागाच नाही. तो भुवयांत असतो, मनगटात असतो, आणि गिऱ्हाइकानं "जरा कमी करा ना" म्हटलं की पार चष्म्याच्या काडीपर्यंत जाऊन थरथरतो. पण हात! हाताला तोड नाही. काचेवर कटर असा फिरवतात की वाटावं, बाई काचेचा कान धरतेय, आणि काच निमूटपणे दोन होते.

पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर, मध्ये पडदा. काकू काचा कापतात आणि काका फ्रेमा जोडतात. काका म्हणजे त्यांचे यजमान. कुणी पायावर पाय दिला तर हेच "सॉरी" म्हणतील, असा माणूस. दोघांचं जमतं कसं, हे कोडं गल्लीला पडलेलं आहे. पण मोठी काच एकट्यानं उचलता येत नाही ना! एकानं हे टोक धरायचं, दुसऱ्यानं ते, आणि पाऊल एकदमच टाकायचं. एक जरी आधी निघाला तर काच मधोमध तडकते. आयुष्यभर असं चालून चालून या दोघांना एकेकट्यानं काही करायची सवयच राहिली नाही. काकांचे दात काढले तेव्हा काकूंनीही आठवडाभर मऊ भात खाल्ला. काकूंना सर्दी झाली की टॉवेलाखाली वाफ घ्यायला दोन डोकी.

म्हणूनच तो घोळ झाला. दुसऱ्या कुठल्या घरात झाला नसता.

गेल्या वर्षी काकांना हार्ट अटॅक आला. हृदयाच्या नळीत स्टेंट बसवला, घरी पाठवलं, आणि औषधांत एक छोटीशी पांढरी गोळी दिली, ॲस्पिरिन. रोज एक, कायमची. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. इथपर्यंत सगळं ठीक.

मग आल्या वन्सं. काकांच्या थोरल्या बहीण. या बाईंनी औषधशास्त्राचं पुस्तक लांबूनही पाहिलेलं नाही, पण भेटेल त्याला औषध सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. खुर्चीत बसल्या, पदर सावरला, आणि म्हणाल्या, "अगं वहिनी, घरात माणसं दोन आणि गोळी एकालाच?"

"अटॅक त्यांना आला वन्सं, मला नाही."

"यायची वाट बघणार आहेस का? आल्यावर घेऊन काय उपयोग! आधीपासून घ्यायची असते. रक्त पातळ राहिलं की नळी तुंबतच नाही. सगळे घेतात. एवढीशी तर आहे, ते काय औषध म्हणायचं?"

काकू इतर वेळी वन्संचं एक वाक्य सरळ ऐकून घेणार नाहीत. पण हे पटलं. पटलं कारण काका पांढरेफटक होऊन स्ट्रेचरवर पडलेले त्यांनी पाहिले होते. दुसऱ्या दिवसापासून चहानंतर काका पाकिटातून दोन गोळ्या काढायला लागले. एक स्वतःच्या तोंडात, एक काकूंच्या तळहातावर.

काही महिने गेले आणि काकूंचं जगाशी भांडण वाढलं. काचेच्या धंद्यात बोटाला काच लागणं म्हणजे स्वयंपाकात चटका बसण्यासारखं. अंगठ्यानं दाबलं की संपलं. आता संपेना. फडकं भिजायचं, दुसरं घ्यावं लागायचं. काकूंनी काच पुरवणाऱ्यालाच धारेवर धरलं.

"कसली काच आणतोस रे मेल्या? भलतीच धारदार!"

तो बिचारा म्हणाला, "काकू, काच आहे. धार असणारच."

"मला शिकवू नकोस! पूर्वी नव्हती एवढी."

दंडावर निळे-काळे डाग उठायला लागले, त्याचा दोष कपाटाच्या कोपऱ्याला. दोन पायऱ्या चढल्या की धाप लागायची, त्याचा दोष पायऱ्यांना. गुडघे दुखायचे म्हणून काकू औषधाच्या दुकानातून दुखणं थांबवायच्या गोळ्या आणून खायच्या, मग पोटात जळजळायचं, त्याचा दोष चहापत्तीला. आणि रोज सकाळी संडासात जे दिसायचं ते डांबरासारखं काळं असायचं. ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. असल्या गोष्टी बायका कुठे सांगतात? तिथेच तर मरतो आपण. जगाला चारचौघांत झोडपायला तोंड असतं, आणि स्वतःच्या पोटाचं सांगायची वेळ आली की दातखिळी बसते.

मग एका दुपारी न्हाव्याच्या दुकानाचा आरसा होता. मोठा, भिंतभर. काकांनी ते टोक धरलं, काकूंनी हे. उचलला. पाऊल एकदमच पडलं, पण काकूंच्या हातातली ताकदच कुणीतरी काढून घेतल्यासारखी गेली. आरसा खाली. अख्खं दुकान चकाकायला लागलं. उभ्या आयुष्यात काकूंच्या हातून काच निसटली नव्हती.

"तुम्ही आधी सोडलीत!" काकू किंचाळल्या.

काका म्हणाले, "हो गं, माझंच चुकलं." त्यांचं चुकलं नव्हतं. सवयीनं म्हणाले.

आणि पुढचं ओरडायला काकूंनी तोंड उघडलं, तर त्या तिथेच खाली बसल्या आणि आडव्या झाल्या. न्हावी धावत आला. त्यानंच गाडी बोलावली.

हॉस्पिटलात पहिल्यांदा विचारलं, "रोजची काही औषधं?" काकू म्हणाल्या, "काही नाही." खोटं नव्हत्या बोलत हो! गुडघ्याची गोळी लागेल तशी, म्हणजे रोजची नाही. आणि ती पांढरी? ती काकांची. त्या आपल्या सोबत म्हणून घ्यायच्या.

तोंडातून दुर्बीण घालून बघितलं तर पोटात जखम, आणि त्यातून रक्त झिरपतंय, कधीपासूनचं कोण जाणे. बाहेरून रक्ताच्या पिशव्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई येऊन बसल्या आणि खोदून खोदून विचारायला लागल्या, तेव्हा उशाशी बसलेल्या वन्सं म्हणाल्या, "एक ॲस्पिरिन तेवढी घेते. पण ते काय औषध म्हणायचं?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कुणी लिहून दिली यांना?"

वन्सं खिडकीबाहेर बघायला लागल्या. खिडकीबाहेर भिंत होती.

"काकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला कधी अटॅक आलेला नाही, पक्षाघात नाही. साठी उलटलीय. वर गुडघ्याच्या गोळ्या. तुम्हाला या गोळीनं वाचवण्यासारखं थोडं होतं आणि बिघडवण्यासारखं बरंच. दोन्ही गोळ्या बंद. मात्र तुमच्या यजमानांची..."

यजमानांची काय, ते काकूंनी ऐकलंच नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि कान बंद झाले होते. वन्संनी ऐकलं. पण त्या क्षणी वन्संची ब्र काढायची हिंमत नव्हती. काका तिथे नव्हते, फुटलेल्या काचा भरायला दुकानात गेले होते.

घरी आल्यावर काकूंनी पहिलं काम केलं. त्या पांढऱ्या गोळ्यांची पाकिटं होती नव्हती तेवढी उचलली आणि फुटक्या काचांच्या पिंपात टाकली. "विष आहे ते विष! माझ्या घरात नको. तुम्हीही घ्यायची नाही, ऐकलंत?"

काका "बरं" म्हणाले. काका "बरं"च म्हणतात. आणि त्या दिवसापासून ज्यांच्या छातीत स्टेंट, तेच बिनगोळीचे.

आठवडा होत आला तशा वन्सं आल्या. हातात औषधाच्या दुकानाची पिशवी.

काकू कटर घेऊन उभ्याच होत्या. "या! आता काय आणलंत? माझं राहिलेलं रक्त काढायला?"

"वहिनी, मला हवं ते बोल. पण याची गोळी बंद झालीय असं कळलं मला. त्याची बंद करायची नाहीये गं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"तुमच्या कानांनी! तुमच्या तोंडानं माझं काय झालं ते बघितलं, आता कानांचं ऐकू? 'सगळे घेतात' म्हणाला होतात. कोण हे सगळे? एकाला तरी आणा माझ्यासमोर! चणे-फुटाणे वाटल्यासारख्या गोळ्या वाटत फिरता अहो तुम्ही!" राग कितीही चढो, काकूंना वन्संशी बोलताना 'अहो' सुटत नाही.

"चुकले मी," वन्सं म्हणाल्या. हे शब्द त्या तोंडातून पहिल्यांदाच बाहेर पडले असावेत, कारण ओठ कसे हलवायचे ते त्यांना नीट जमलं नाही. "मी चुकले म्हणून त्याला मारू नकोस."

मारू नकोस! काकूंनी फोन उचलला. वन्संना खोटं पाडल्याशिवाय आज पाणी प्यायचं नाही, असा निश्चयच केला. हॉस्पिटलचा नंबर लावला, स्पीकर चालू करून फोन टेबलावर आपटला. डॉक्टरीणबाई फोनवर आल्या.

"मी काचवाली. माझी नणंद म्हणते यांची गोळी चालू ठेवायची. सांगा तिला."

"चालू आहे ना?" पलीकडून आवाज आला.

"बंद केली मी. मला घरी सोडलंत तेव्हापासून."

मग डॉक्टरीणबाईंचा गोड आवाज कुठल्या कुठे गेला. "काकू, आत्ता सुरू करा. आत्ता, फोन ठेवल्या ठेवल्या. त्यांच्या नळीत स्टेंट आहे. त्यावर गुठळी बसली तर पुन्हा अटॅक, आणि तो पहिल्यासारखा सोडून देईल असं नाही. छातीत दुखलं, घाम आला, तर घरी थांबायचं नाही."

"पण मला जी गोळी बाधली ती यांना कशी चालते? माझं पोट पोट आणि यांचं काय पिंप आहे?" काकूंनी टेबलावर थाप मारली.

"रक्त त्यांचंही वाहू शकतं, नाही म्हणत नाही मी. पण त्यांना एकदा येऊन गेलाय. पुन्हा यायची भीती मोठी, आणि त्या भीतीपुढे पोटाची लहान. तुमचं बरोब्बर उलटं. ती लहान भीतीसुद्धा सांभाळायची म्हणून त्यांना सोबत पोटाची गोळी देतो आपण. संडासला काळी झाली तर लगेच आणायचं. आणि उद्या दाखवायला घेऊन या त्यांना."

फोन संपला. वन्सं जिंकल्या होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही दिसत नव्हतं. काकूंनी पिशवी हिसकावून घेतली, गोळी काढली, पडदा बाजूला सारला. काका मागच्या खोलीत फ्रेमला खिळे मारत बसले होते. पडदा तो काय, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"घ्या."

काका म्हणाले, "नाही घेणार."

आता काका 'नाही' म्हणतात हीच बातमी. काकूंना वाटलं, कानच वाजले.

"काय म्हणालात?"

"रोज सकाळी मीच काढून तुझ्या हातावर ठेवत होतो." काकांनी हातोडी खाली ठेवली. "तू काचांवर पडली होतीस. तोंडावर रंग नव्हता. एकेक करून मीच चारली तुला. मी नाही घेणार ती."

काकूंना बोलता येईना. हेही गल्लीत कुणी कधी बघितलेलं नाही. पण फार वेळ नाही हं टिकलं.

"हो, ठेवत होतात! आणि मी काय तान्ही होते? मी गिळत होते ना? माझ्या तोंडानं, माझ्या घशानं! पोट जळतंय, संडासला काळं होतंय, ते तुम्हाला सांगितलं नाही, ते कुणी केलं? तुम्ही? सगळ्याच चुका स्वतःच्या नावावर घ्यायची ही कसली घाणेरडी सवय तुमची! माझ्या वाट्याची तरी मला ठेवा!" श्वास घेतला आणि गोळी पुन्हा पुढे केली. "आणि तुम्हाला काही झालं, तर मी उरलेला जन्म वन्संच्या तोंडाकडे बघत काढायचा का? एवढी शिक्षा नका हो देऊ."

पडद्यामागून वन्सं म्हणाल्या, "मला ऐकू येतंय हं."

"यावं म्हणूनच बोलतेय!"

काकांना हसू आलं. हसता हसता डोळे भरले आणि त्या गडबडीत त्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायले. एकट्यानं. काकू नुसत्या बघत उभ्या. त्यांचा हात आपोआप पाकिटाकडे गेला होता, तो त्यांनीच दुसऱ्या हातानं मागे खेचला.

"तोंड उघडा. जीभ वर करा." बघितलं. खात्री झाली. मग बाहेर येऊन त्यांनी वन्संवर मोर्चा वळवला.

"एक सांगा. तुम्ही स्वतः घेता ती?"

"घेते ना. कितीतरी वर्षं झाली."

"कुणी दिली?"

वन्संनी पदर सावरला.

"अटॅक आला होता? डॉक्टरनं लिहून दिली?"

"नाही. आमच्या शेजारच्या त्या..." वन्संचा हात पोटावर गेला. "मग काय, आजपासून बंद करू?"

"खबरदार! आपल्या मनानं घेतली आणि आता आपल्या मनानंच बंद? एकदा तो शहाणपणा मी करून बसलेय. उद्या यांच्याबरोबर तुम्हीही चला. त्या बाई सांगतील ते करायचं."

"मला कशाला गं? मला काही होत नाही."

"मलाही काही होत नव्हतं! सकाळी तयार राहा." काकूंनी कटर उचलला, परत ठेवला. "आणि तिथे त्या विचारतील त्याचं सगळं सांगायचं. पोटाचं, संडासचं, शेजारणीच्या गोळ्यांचं, काही लपवायचं नाही. तोंडाचा पट्टा काय सोडायचा तो तिथे सोडा. इथे मात्र माझ्याशी बोलायचं नाही. मी अजून चिडलेली आहे."