मी कापलेले दोन शब्द

"खाली बघ जरा, मावशे. लई ताठ उभी र्‍हाते तू. व्हिडिओत माज दिसतो."

सरपंच हे माझ्या आईला म्हणाला. आमच्या दारात, नव्या नळासमोर, सगळी वस्ती बघत असताना. आणि मोबाईल माझ्या हातात होता.

आई सकाळपासून दुसऱ्याच्या उसात खुरपून आली होती. पदराला चिखल तसाच. तिने मान खाली घातली, हात जोडले. मी लाल बटण दाबलं.

"जय भीम. आमच्या वस्तीवर पानी आलं. लई बरं झालं."

"असं न्हाई," सरपंच म्हणाला. "पानी काय आपोआप चालत आलं व्हय? दादांनी आनलं म्हन. माझं नाव घे. आन ते पहिलं सोड. हे सगळ्या गावात जानार हाय, तुमच्या एकट्या वस्तीत न्हाई."

त्याच्या मागची माणसं हसली. आईने माझ्याकडे बघितलं. तेव्हा मी काय म्हणाले, तेवढ्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. मी म्हणाले, "आई, परत एकदा. दादा सांगतात तसं."

तिने परत केलं. चार वेळा केलं. चारही वेळा तोंडातून आधी तेच दोन शब्द आले. हट्ट नव्हता तिचा. चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की तिचं तोंड तिथूनच उघडतं. शेवटी सरपंच कंटाळला. गाडीत बसता बसता मला म्हणाला, "कट करून टाक तेवढं. तुला येतंय."

मला येत होतं. आमच्याच ओट्यावर बसून मी अंगठ्याने व्हिडिओचं सुरुवातीचं टोक सरकवलं. दोन शब्द गेले. वर फुलांची चौकट टाकली, खाली 'दादांचे मनःपूर्वक आभार' असं लिहिलं आणि गावाच्या ग्रुपवर सोडून दिलं. एक मिनिट लागलं असेल.

बाहेरच्या कुणी हे केलं असतं तर मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं. पत्रकांवरच वाढले मी. माझा बाप बाजारात हमाली करायचा आणि दर सभेतून पत्रकं घेऊन यायचा. घरात पुस्तक नव्हतं, पण पत्रकांची एक पत्र्याची पेटी होती. त्यांच्यावर बोट ठेवून मी वाचायला शिकले. हक्क हा शब्द मी देव या शब्दाच्या आधी वाचला. बाप गेला तरी आईने पेटी रद्दीत घातली नाही.

आणि हा सरपंच निवडून आणायला पहिलं पत्रक मी लिहिलं होतं. आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. माझ्या आठवणीत सरपंचपद एकाच घरात फिरायचं. हा त्या घराबाहेरचा. दुधाचा टेम्पो चालवायचा, वस्तीवर येऊन आमच्या ओट्यावर बसायचा, आईच्या हातचा चहा प्यायचा. म्हणून मी लिहिलं, 'पाणी हक्काचं आहे, कुणाच्या मेहरबानीचं नाही.' ते पत्रक मी घरोघर वाटलं. गावाने थेट मतदानाने त्याला निवडून दिलं. त्या दिवशी मी गुलालात नाचले.

पुढच्याच आठवड्यात त्याने मला बोलावलं. "तुझा हात चांगला हाय. माझं मोबाईलचं काम तू बघ."

ग्रामपंचायतीत त्याच्या टेबलाशेजारी मला खुर्ची मिळाली. माझ्या आईला त्या ऑफिसात कधी कुणी बस म्हटलं नव्हतं. मला ती खुर्ची आवडली. लाज वाटते, पण खरं आहे. फार आवडली.

सुरुवातीचे व्हिडिओ खरे होते. लोक आपणहून बोलायचे. मग तो नियमच झाला. नळ, घरकुल, रस्त्यावरचा दिवा, साधा दाखला, काहीही मिळालं की आधी आभार. व्हिडिओ झाला नाही तर सही होत नव्हती. सरपंच खुर्चीत, लोक उभे. वरच्या आळीतले गुरुजी, ज्यांनी त्याला चौथीत शिकवलं, तेही उभे. शिलाईकाम करणारे चाचा बायकोला दफन करून तिसऱ्या दिवशी कब्रस्तानच्या नव्या भिंतीपाशी उभे होते. सरपंच म्हणाला, "चाचा, हसा की जरा. भिंत मिळाली ना?" चाचा हसले. मी ते काढलं. वर, उजेड चांगला नाही म्हणून, त्यांना पुन्हा एकदा हसायला लावलं.

तेव्हा मला काही टोचलं नाही. टोचलं ते घरात आल्यावर.

आईकडे साधा फोन. शेजारणीने तिला आपल्या मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. आई घरात आली आणि मला विचारलं, "माझं पयलं बोलनं कुठं गेलं?"

"रेंज नव्हती गं. तुटलं असंल."

ती माझ्याकडे बघत राहिली. अडाणी आहे, पण रेंज गेली तर मधलं तुटतं, नेमकं सुरुवातीचं नाही, एवढं तिला कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारातल्या नळाला पाणी आलं, आणि आई हंडा घेऊन नळापुढून चालत हापशावर गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. रोज जायला लागली. मी म्हणाले, "दारात पानी असताना लोक काय म्हनतील?"

"तू भर की त्याचं. मी तुला नको म्हनलंय का?"

चार दिवसांत गावभर झालं. सरपंचाने मला समोर उभं केलं. खुर्ची होती, पण बस म्हणाला नाही.

"तुझ्या आईला काय झालंय? आमच्या नळाला विष लागलंय का? उद्या तिचा नळावर पानी भरताना व्हिडिओ काढ. हसताना."

मी म्हणाले, "काढनार न्हाई."

"का?"

"आई हाय ती माझी."

तो हसला. "आन मग एवढ्या लोकांचं काढलं, ती कुनाचीच कोन नव्हती का?"

मी आजवर ऐकलेलं सगळ्यात खरं वाक्य तोच माणूस बोलला. मी टेबलावर ऑफिसची किल्ली ठेवली आणि बाहेर पडले. मला धीट वाटत नव्हतं. आपले कपडे भर चौकात उतरल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीचं पाणी बंद. व्हॉल्व्ह बिघडला असं सांगितलं. खालच्या आळीचं पाणी चालू होतं, फक्त आमचा व्हॉल्व्ह मुद्दाम बंद केला होता. आता सगळी वस्ती हापशावर. बायका मला ऐकवायच्या, "तुमचं मायलेकीचं भांडान, आन घागरी आमच्या डोक्यावर!" त्या चुकत नव्हत्या.

सरपंचाने किल्ली ठेवून घेतली, पण एक गोष्ट त्याला आठवली नाही. सगळ्या व्हिडिओंच्या न कापलेल्या मूळ प्रती माझ्या मोबाईलमध्ये होत्या. त्याचा प्रत्येक शब्द. मान खाली घाल. माझं नाव घे. हस. त्याला पाडायचं तर ते गावाला ऐकवायला हवं होतं. पण प्रत्येक ठिकाणी त्याच्यामागून माझाही आवाज होता. परत एकदा. अजून एकदा. हं, आता नीट. त्याला ऐकवायचं तर मला स्वतःला ऐकवावं लागणार होतं.

दोन दिवस मी मोबाईल घेऊन बसले. माझा आवाज काढता येईल का ते बघत होते. हेही लिहिते. माझी पहिली बुद्धी पुन्हा कापण्याकडेच गेली. आई चुलीपुढे होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, "आता कुनाचं कापायलीस?"

मी उठले आणि आधी चाचांकडे गेले. त्यांचा मूळ व्हिडिओ त्यांच्यासमोर लावला. मशीन थांबवून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"यात तर तुझाच आवाज जास्त हाय, बेटी."

"व्हय, चाचा."

"आता मला का दाखवती?"

"तुम्हाला ठाऊक असावं म्हनून."

"मला ठाऊकच हुतं," ते म्हणाले. "मी तिथंच हुतो ना."

बस म्हणाले नाहीत. जा, असंही म्हणाले नाहीत. मी दारात उभी राहिले. मग त्यांनी विचारलं, "तक्रारीच्या कागदावर सही कुठं करायची?"

सही चालणार नव्हती. ते गुरुजींनी समजावलं. लोकांनी थेट निवडलेला सरपंच नुसत्या तक्रारीने हटत नाही. आधी तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव करायचा, मग ग्रामसभेत गुप्त मतदान. सदस्य काही साधू नव्हते. उपसरपंचाला ती खुर्ची हवी होती आणि गाव पेटलंय हे त्याला वासावरून कळलं होतं. मी घरोघर फिरून ज्याचा त्याला मूळ व्हिडिओ दाखवत होते. दुसऱ्याचा दाखवत नव्हते. कुणी शिव्या दिल्या. एका बाईने माझ्या तोंडावर दार लावलं. मतदान गुप्त आहे, एवढंच मी बंद दाराला सांगितलं.

ठराव झाला. ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. तालुक्याहून अधिकारी आला, मतपेटी आली. मतदानाआधी सरपंच बोलायला उठला. एकेक काम मोजलं त्याने. नळ, दिवे, भिंत, घरकुलं. एकही खोटं नव्हतं.

"मी काम केलं न्हाई का? सांगा की तोंडावर!"

चाचा मागून उठले.

"केलं की. भिंत चांगली बांधली. पन मला हसायला लावलं."

एवढंच म्हणून ते बसले. सरपंचाने माझ्याकडे बोट केलं. "ही! सगळे व्हिडिओ हिनं काढलेत. इचारा हिला, मी कुनाचा हात पिरगाळला हुता का? आता सावित्री झाली!"

मला माहीत होतं तो हे करणार. आई बायकांमध्ये बसली होती. मी उठले.

"खरं हाय. मी काढले. माझ्या आईच्या तोंडातला जय भीम मी माझ्या हातानं कापला. यानं फक्त सांगितलं. मी नको म्हनू शकत हुते. खुर्ची जाईल म्हनून म्हनले न्हाई. मला जे म्हनायचंय ते म्हना. पन याच्याम्होरं परत उभं र्‍हायचं का, ते तुमी ठरवा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं झालं. रांग लागली. मोजणी झाली. सरपंच गेला. फार मोठ्या फरकाने नाही, पण गेला. तो काम करत नव्हता म्हणून नाही गेला. त्याच्यासमोर आपण कोण होतो, हे ज्याचं त्याला घरात बसून ऐकू आलं म्हणून गेला.

लोक विचारतात, आई आता बोलते का? बोलते. मीठ संपलंय, पीठ दळून आण. त्या दोन शब्दांविषयी एक अक्षर नाही. मी माफी मागितलेली नाही. माफी मागितली की तिला काहीतरी बोलावं लागेल, आणि तिच्याकडून काही वदवून घ्यायचा हक्क मी गमावला आहे.

मतदान झालं त्याच दुपारी, पटांगणातली सतरंजी अजून गुंडाळायची होती, तेव्हा उपसरपंच पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्याकडे आला.

"ताई, कमाल केली तुमी. कारभार आता आपल्याकडं हाय. वस्तीचं पानी आजच सोडतो. तेवढा एक छोटा व्हिडिओ घ्या की. बायका नळावर, मी शेजारी."

कालपर्यंत हा मला अगं म्हणायचा.

मी पेढा घेतला नाही. म्हणाले, "घेते. दर ग्रामसभेचा घेते, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. त्यात लोक बसलेले असतील आन तुमी उभं राहून उत्तर द्याल. हात जोडलेलं कुनीबी दिसनार न्हाई."

"लई तिखट झालीस गं तू," तो हसत म्हणाला. ताई एवढ्यातच संपली.

"व्हॉल्व्ह आत्ता सोडा," मी म्हणाले. "तुमाला खाली आनायला किती सदस्य लागतात, ते गुरुजींकडून इचारून घेतलंय."

त्याचं हसू गेलं. तो व्हॉल्व्हकडे निघाला. मी त्याच्या मागोमाग चालले.